कपारीतली हाक

वडवणीच्या मागच्या डोंगरात एक गुहा आहे. आत मेलेली लेकरं रडतात म्हणून गावातलं कुणी तिकडे फिरकत नाही. मी ऊसतोड्यांचीच पोर, पण वटवाघळांवर पीएचडी करतेय, त्यामुळे असल्या गोष्टींना भीक घालत नव्हते. सोबतीला फक्त भिवराबाई आली, माझी सख्खी मावशी.

दुपारी हातजाळीत एक मादी सापडली. नाकावरची कातडीची घडी निराळी, कान निराळे, आणि हाताच्या हाडाचं माप कुठल्याच नोंदीत बसेना. नवी जात असणार. ती सिद्ध करायला एक प्राणी मारून जपावा लागतो. परवानगीचा कागद होता. मात्र आधी छातीवरचे केस फुंकून बघायचे आणि पाजती मादी सोडून द्यायची, हा आमचा नियम. मी फुंकलं. स्तनांभोवतीचे केस पिल्लाच्या चोखण्यानं झडलेले होते. खोटं कशाला बोलू, मला दिसलं होतं. तरीही मी तिला मारलं आणि स्पिरिटच्या बाटलीत घातलं.

दिवेलागणीला सगळी मोठी वटवाघळं चरायला बाहेर पडली. आपल्या कानांना न येणारे त्यांचे आवाज ऐकवणारं यंत्र मी सुरू केलं. गुहेत मागे राहिलेली पिल्लं गप्प होती, तरी कपारीतून एकच बारीक आवाज येत राहिला. थांबायचा, पुन्हा यायचा.

"पिल्लू हाय न्हवं?" मावशी म्हणाली. "याची माय कुठंय?"

"गेलीय चरायला. येईल."

"मग थांबू आपुन. ती आली की जाऊ."

ती दगडावर बसली. बराच वेळ गेला. इतर माद्या परतल्या, आपापल्या पिल्लांना आवाजावरून ओळखून बिलगल्या. या एकाकडे कुणी आलं नाही.

"माजं बी असंच पाचटाच्या कोपीत होतं," मावशी म्हणाली. "झोळीत. मी उसात. गाडी भरल्याबिगर मुकादम सोडंना. लई हाका मारल्या आसतील त्यानं. मी गेले तवा गार पडलतं."

मला राहवेना. "मावशी, त्याची आई येणार नाही. मी मारली तिला. लेकुरवाळी आहे हे कळूनसुद्धा."

ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कपारीकडे बोट केलं.

"मला काहून सांगतीस? त्याला सांग."