रंगाची जाडी

एस्लिंगन शहरातल्या एबरहार्ट हेफेलेंची काळी जर्मन गाडी अठरा वर्षांत एकदाही पावसात भिजली नव्हती. आभाळ भरून आलं की ते बसने जात. दर शनिवारी मात्र तीन मऊ फडकी घेऊन तिला पॉलिश करत. बायको रोझविथा म्हणायची, "माझ्या पाठीला बाम लावायचा म्हटलं की तुझे हात दुखतात!"

आता गुडघे थकले, म्हणून त्यांनी गाडी विकायला काढली. मुलीला स्थळ शोधावं तसं सात गिऱ्हाइकांना नाकारून झालं. आठवं गिऱ्हाईक म्हणजे क्यूब्लर; ते रंगाची जाडी मोजायचं यंत्रच घेऊन आले. असा जाणकार हेफेलेंना पसंत पडला. त्याच्या तोंडून 'निर्दोष' ऐकलं की अठरा वर्षांचं सार्थक होणार होतं.

क्यूब्लरनी यंत्र बॉनेटला लावलं, दाराला लावलं, पुन्हा बॉनेटला लावलं.

"एक ओरखडा दाखवा!" हेफेले म्हणाले.

"ओरखडा पडायला रंग तर हवा ना, साहेब! घासून घासून निम्मासुद्धा ठेवला नाहीत." क्यूब्लरनी यंत्र खिशात टाकलं आणि ते निघाले.

खिडकीतून रोझविथा म्हणाली, "बरं झालं बाम लावला नाहीस. माझी कातडी तरी शाबूत राहिली!"