पायाचा दोष नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी रबरी नळी आहे. लांबी हातभर, रंग काळा, आणि रूप म्हणाल तर बेताचेच. कारखान्यात माझ्या अंगात सुताची वीण घालून मला शेकले, म्हणजे कितीही ओढ लागली तरी मी चपटी होऊ नये. मग एका मोटारीत, इंजिन आणि ब्रेकचा गोल डबा यांच्यामध्ये माझी नेमणूक झाली. इंजिन माझ्यातून त्या डब्यातली हवा ओढून घेई. त्या पोकळीच्या बळावर डबा पायाला मदत करी आणि पाय नुसता टेकला तरी गाडी थांबे. कौतुक मात्र ब्रेकचे होई. माझे नाव कोणी काढले नाही, आणि मलाही त्याचे काही वाटले नाही.

गाडी एका परिचारिकेची होती. निवृत्त झाल्यावरही बाई घरोघर जाऊन रुग्णांच्या जखमा धूत, पट्ट्या बदलत. बरीचशी घरे चढावर होती. रस्ता अरुंद, घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरलेल्या आणि उतारावर कुत्री ऐसपैस झोपलेली. बाई त्यांना गाडीतूनच चार शब्द सुनावत, पण एकालाही कधी धक्का लागला नाही.

वर्षे गेली. इंजिनाच्या धगीने मी कडक झाले आणि टोकाशी, मला आवळून धरणाऱ्या पकडीच्या खाली, मला चीर पडली. तिथून बाहेरची हवा आत शिरू लागली. डब्याची मदत आटली आणि ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. एकदा उतारावर बाईंनी सारा जीव पायात आणला, तेव्हा कुठे गाडी एका पायरीपासून वीतभर अंतरावर थांबली.

बाईंच्या मुलाने ब्रेकचे पॅड नवे घातले. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला. फरक पडला नाही तेव्हा तो गाडीतच म्हणाला, "आई, ब्रेक आता नवे आहेत. तुझ्याच पायात जोर राहिला नाही. किल्ली माझ्याकडे दे."

बाईंनी वाद घातला नाही. आयुष्यभर इतरांची म्हातारपणे पाहिली होती, त्यामुळे स्वतःचेही त्यांना लगेच पटले. त्यांनी किल्ली दिली, आपले रुग्ण दुसऱ्या परिचारिकेकडे सोपवले आणि घरी बसल्या. मुलाचा पाय दणकट. त्यालाही ब्रेक जड लागे, पण जुनी गाडी म्हणून तो सोडून देई. मी अखंड फुसफुसत होते. ऐकणार कोण?

एक दिवस सून गाडी चालवत होती, बाई मागे होत्या. उतार संपला तशी सुनेने गाडी कडेला घेतली.

"आई, माझ्याही पायातला जोर गेला वाटतं. मीही म्हातारी झाले की काय?"

बाईंनी पुढे वाकून सुनेच्या पायाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मेकॅनिककडे घे. आत्ताच. सावकाश."

मेकॅनिकने इंजिन बंद ठेवून ब्रेक काही वेळा दाबला, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू केले. अशा वेळी ब्रेक पायाखाली थोडा खाली जायला हवा. तो जागचा हलला नाही.

"हवा खातेय कुठेतरी," तो म्हणाला. एका नळीचा तुकडा कानाला लावून त्याने दुसरे टोक इंजिनावरून फिरवले. "पण पंख्याच्या आवाजात नेमकं कळत नाही."

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. छातीतले आवाज ऐकण्यात त्यांची हयात गेली होती. डोळे मिटून टोक हळूहळू सरकवत त्या माझ्या पकडीपाशी थांबल्या. "इथं बघा. इथं धाप लागलीय."

मला कापून काढले. नवी नळी आणि नव्या पकडी बसल्या. पुन्हा तीच परीक्षा झाली. या वेळी चालकाच्या जागी बाई बसल्या. इंजिन सुरू होताच ब्रेक अलगद खाली गेला. त्यांनी पाय काढून पुन्हा दाबला, मग आणखी एकदा.

"पाय चांगला आहे माझा," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आले.

"किल्ली आता तुमच्याकडेच ठेवा, आई," सून म्हणाली. "घरात काय सांगायचं ते मी सांगते."

मी भंगाराच्या डब्यात पडून हे पाहत होते. मला काढले याचे दुःख नाही. चिरलेली नळी बदलायलाच हवी. पण बाई गाडीतून उतरू लागल्या तेव्हा त्यांना सुनेचा आधार घ्यावा लागला. इतके दिवस बसून राहिल्याने त्यांचे गुडघे खरोखरच आखडले होते. नव्या नळीने ते सुटणार नव्हते.

म्हणून मित्रांनो, घरातले वडीलधारे माणूस कधी म्हणाले, "हे मला जड जातंय," तर त्याचे वय काढू नका. आधी ती वस्तू एकदा उघडून बघा.