झहूरच्या हातच्या चार रोट्या

मी देवदाराची एक जुनी फळी आहे, मित्रांनो. सेफ्रू गावाच्या जुन्या वस्तीत बतूलबाईंच्या घरी असते. एका जागी बसणं माझ्या स्वभावात नाही. सुतारानं मला रंधा मारून गुळगुळीत केलं, ते रोज सकाळी गल्लीतून मिरवायला. बतूलबाई कणीक मळायच्या, चार जाड गोल रोट्या थापून माझ्यावर मांडायच्या, वर फडकं टाकायच्या, की मी निघाले गल्लीच्या भट्टीवर, त्या भाजून आणायला! परतताना त्या वासानं अख्खी गल्ली वळून बघायची. खोटं कशाला बोलू, मी फार तोऱ्यात असायचे.

मग एक दिवस त्यांनी मला दारामागे उभं केलं, ते सहा महिने. दुकानातली रोटी पिशवीतून घरात येऊ लागली. दार वाजलं की मला वाटे, आता उचलतील. कुणी उचललं नाही. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

वसंताच्या सुट्टीत मूनिया घरी आली. ती बतूलबाईंची एकुलती लेक, दूर राबात शहरी कॉलेजात शिकते. उन्हं वर येईपर्यंत लोळायचं, गच्चीवर बसून संत्री खायची, आईच्या मागे मागे करत गप्पा मारायच्या, असा तिचा थाट. पहिल्याच सकाळी बाईंनी मला पुसून बाहेर काढलं. मला आनंद झाला, पण रोट्या मांडताना मला कळलं, त्यांच्या उजव्या हाताची बोटं वाकतच नव्हती. ओठ दातांखाली धरून त्या तळव्यानं रोटी सरकवत होत्या. मूनिया आली की हात बाहीत जायचा.

चौथ्या दिवशी हात उचलेचना. मूनिया गच्चीवर होती, तेवढ्यात शेजारची झहूर गुपचूप येऊन कणीक मळू लागली.

"डॉक्टरकडे जा म्हटलं तर ऐकत नाहीस. आणि हे नाटक किती दिवस?" ती कुजबुजली.

"सुट्टी संपेपर्यंत. तिला कळलं तर कॉलेज सोडून घरी बसेल. माझी आई आजारी पडली तेव्हा मीही बसलेच ना, सातवीतून? पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही."

झहूर चार रोट्या माझ्यावर मांडून गेली, आणि मूनियानं मला भट्टीवर पोचवलं.

भट्टीवाल्या अल्लालबांना रोटीवर खूण लागत नाही. थापणाऱ्याचा हात ते बघताक्षणी ओळखतात. त्या सकाळी झहूरची फळीही तिथं होती. भाजून झाल्यावर बांनी आठच्या आठ रोट्या तिच्या फळीवर ठेवल्या. मूनिया न्यायला आली, तेव्हा मी रिकामी.

"बा, आमच्या रोट्या कुठं गेल्या? मीच आणून दिल्या होत्या!"

"या झहूरच्या हातच्या. तुझ्या आईची रोटी मला कळत नाही होय?"

"चष्मा बदला बा. रोज आमच्याच घरून येतात."

"रोज? तू आलीस म्हणून तीन दिवस आल्या. त्याआधी सहा महिने तुमची फळी पाहिली नाही मी. आणि परवाच्या रोट्या बघितल्यास? बोटांचा ठसा नव्हता एकीवरही. हात बरा आहे ना गं तिचा?"

मूनियानं मला उचललं. रोट्या तिथंच राहिल्या. ती इतक्या घाईनं निघाली, की वाटेत मी दोनदा भिंतीवर आपटले.

घरात शिरताच ती म्हणाली, "आई, मूठ वळून दाखव."

"चहा घे आधी."

"मूठ वळ म्हणते ना!"

बोटं अर्ध्यात थांबली. मूनियानं तो हात दोन्ही हातांत धरला आणि रडली. "फोनवर रोज विचारायचे, तू रोज बरी आहे म्हणायचीस. मीही लगेच फोन ठेवायचे."

"तू शीक. माझ्या हाताचं काय एवढं?"

"शिकणारच आहे. तू पण येतेस राबातला. तिथं डॉक्टरांना हात दाखवू, ऑपरेशन लागलं तर करू, माझ्या खोलीवर राहा."

"आणि घर?"

"घराला झहूरमावशी आहे."

त्यांना जाऊन नऊ दिवस झाले. ऑपरेशन झालं का, बोटं वळतात का, काहीच समजत नाही. पावलं वाजली की मी कान देते.

मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात, तर आयत्या रोटीचं कौतुक जरूर करा; पण ती करणारे हात कसे आहेत, तेही निरखून बघा. मी रोज त्यांच्या इतकी जवळ होते, तरी मला मिरवणंच सुचलं. बतूलबाई परत येतील, तेव्हा मूनियानं मला खुशाल दारामागेच ठेवावं. मी एका जागी बसायला शिकेन.