दिलेली तारीख

"अहो, ती बॅग दारातून उचला बघू. तिसऱ्यांदा ठेचकाळले मी."

मास्तरांनी बॅग उचलली, खुर्चीवर ठेवली आणि त्याच खुर्चीवर बसायला गेले. तिथे आता बॅग होती, म्हणून उभेच राहिले. सकाळचे आठ वाजायचे होते, तरी त्यांची दाढी झाली होती, बुटांना पॉलिश झालं होतं आणि पाण्याची बाटलीही भरून झाली होती. सुट्टीचा अनुभव नसल्यामुळे त्यांनी ती एखाद्या कामासारखी अंगावर घेतली होती.

बस दुपारी एकची होती. बायकोच्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. घरात तिला सगळेच ताई म्हणत. ताईंचे गुडघे गेले होते, घराबाहेर पडणं बंद झालं होतं आणि त्यांचा फोन आला की शेवट ठरलेला असे, "एकदा येऊन जा गं, मी काही आता तिकडे यायची नाही." हे फोन मास्तरांच्या कानावरून जात, कानात शिरत नसत. शेवटी दूर गावी नोकरी करणाऱ्या मुलीनेच बापाला फैलावर घेतलं, "बाबा, दुकान तुमचं आहे की तुम्ही दुकानाचे? आईला घेऊन जा मावशीकडे. चार दिवस कुणी उघडं फिरणार नाही." मास्तरांना मुलीचा धाक होता. ते हो म्हणाले.

मास्तर शिंपी होते. एका दाराचं दुकान, आत एक मशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. पण दोन गोष्टींसाठी लोक वाट वाकडी करून त्यांच्याकडे येत. एक म्हणजे हाताने केलेली काजं, आणि दुसरी म्हणजे तारीख. शिंप्याचं 'उद्या या' सगळ्या जगाला माहीत आहे. मास्तरांनी मात्र दिलेली तारीख कधी मोडली नव्हती. त्यांची तारीख म्हणजे दगडावरची रेघ, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि मास्तर ते ऐकून टेप गळ्यात नीट करत.

सुट्टीआधीचा आठवडा त्यांनी दोन माणसांचं काम केलं होतं. गावात नवं हॉटेल निघत होतं, तिथल्या वेटरांचे कोट शिवायचे होते. सोमवारची तारीख दिली होती. सोमवारी सकाळीच तर परत यायचं होतं, तेव्हा सुट्टीत डोक्याला घोर नको, म्हणून मास्तरांनी रात्री जागवून सगळे कोट मशीनवरून उतरवले. आदल्या संध्याकाळी दोन भली मोठी गाठोडी घरी आणली, बायकोच्या बसायच्या जागेशी ठेवली आणि म्हणाले, "चला, संपलं एकदाचं! मी मोकळा." आणि घोडे विकून झोपले.

आता ती खिडकीशी बसली होती. मांडीवर पहिला कोट होता आणि दातांत दोरा.

"अगं, तू आवरलं नाहीस अजून?"

"तुम्ही जाऊन या."

"म्हणजे?"

"म्हणजे जाऊन या. ताईला म्हणावं, पुढच्या खेपेला येते."

मास्तर बुचकळ्यात पडले. बहीण हिची, आणि जायचं यांनी? ताईंना त्यांनी लग्नात पाहिलं होतं आणि त्यानंतर फोटोत. गुडघे धरून बसलेल्या त्या बाईसमोर चार दिवस काय बोलायचं? कोटाची मापं घ्यायची?

"रागावलीस का?"

"छे."

"बरं नाही का?"

"बरी आहे की."

हे 'छे' आणि हे 'बरी आहे' त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. त्यात राग नव्हता. रागावलेली बायको त्यांना कळत असे, तिच्यावर त्यांच्याकडे उपाय होते. पण न रागावता 'येत नाही' म्हणणाऱ्या बायकोचं काय करतात, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काल आपण काही बोललो का? भाजीला नावं ठेवली का? बरं, ठेवली असती तरी ती काय आजची गोष्ट होती?

"पाय मोकळे करून येतो," असं म्हणून ते बाहेर पडले. आणि मोकळे झालेले पाय मुकाट्याने दुकानाकडे गेले.

भर सकाळी आपल्या दुकानाचं शटर बाहेरून बंद बघायची मास्तरांना सवय नव्हती. शटर किती मळलंय हे त्यांना आज दिसलं. एरवी ते वर गुंडाळलेलं असे. शेजारच्या टपरीत घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात वाकला होता. दोघांची दुकानं एकाच वर्षी निघालेली आणि दुपारचा चहाही एकाच किटलीतला.

"ओ मास्तर! सुट्टीवर ना तुम्ही? पहिल्याच दिवशी रुजू झालात की!"

"अरे, ही येत नाही म्हणते."

"का?"

"तेच तर कळत नाही. रागावली नाही म्हणते. बरी आहे म्हणते. आणि तुम्ही जा म्हणते."

घड्याळवाल्याचं स्वतःचं लग्न कधीचंच मोडलं होतं, त्यामुळे बायकांच्या बाबतीत त्याच्याकडे सल्ला कायम तयार असे. "प्रवासासाठी तिला नवीन काही घेतलंत?"

"नाही."

"झालं तर मग."

"तिने कधी मागितलंच नाही रे."

"मागत नसतात, मास्तर. आपण ओळखायचं असतं. बरं, आत्ता काय करत्येय ती?"

"काही नाही. बसलीय."

"नुसती?"

"नुसती कशी बसेल? काजं करत्येय. हॉटेलच्या कोटांची."

घड्याळवाल्याने भिंग कपाळावर सरकवलं. "ते कोट कधी द्यायचेत?"

"सोमवारी."

"आणि तुम्ही परत कधी येणार?"

"सोमवारीच. सकाळी."

घड्याळवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. "घरी जा तुम्ही," तो घड्याळात वाकून म्हणाला. "बस चुकेल."

मास्तरांना वाटलं, याचंही काहीतरी बिनसलंय. आज सगळ्यांचंच बिनसलंय. परतीच्या वाटेवर मात्र त्या प्रश्नांची टोकं त्यांना कुठेतरी टोचायला लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं होतं. फक्त कळसा अजून हाताला लागत नव्हता.

घरात शिरताच ते म्हणाले, "अगं, ते मागाहून कर की. मी एवढा जागलो कशासाठी? सगळं संपवून आलोय ना!"

"संपवून कुठं?" तिने मान वर केली नाही. "आणून टाकलंत."

मास्तर गाठोड्यांकडे बघत उभे राहिले. कोट मशीनवरून उतरला की त्यांच्यापुरता तो संपत असे. रात्री तो घरी यायचा आणि सकाळी काजंबटणांसकट, आतली शिलाई हाताने पक्की होऊन, घडी घालून परत मिळायचा. दारात दूध येतं, तसा. दूध येतं म्हणजे पहाटे कुणीतरी उठलेलं असतं, हा विचार दूध पिताना कोण करतो? आणि आपण सुट्टीसाठी दुप्पट शिवलं, म्हणजे दुप्पट काजं तिच्या मांडीवर टाकली. हा साधा हिशोब आपल्याला कापड कापताना सुचला नाही, जागताना सुचला नाही, आणि घोडे विकून झोपताना तर नाहीच नाही.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

"काय वाटलं?"

काय वाटलं होतं? काहीच वाटलं नव्हतं. मास्तरांना लाज वाटली. मोठ्या माणसाला क्वचित वाटते तशी, कानापर्यंत.

"दे, मी पण करतो," असं म्हणून ते खाली बसले. तिचं अंगुस्तान त्यांच्या बोटात पहिल्या पेरापलीकडे जाईना. तरुणपणी त्यांनी काजं केली होती, चांगली केली होती. लग्न झालं आणि ती सुई जी तिच्याकडे गेली, ती गेलीच. पहिलं काज तिरकं गेलं. दुसऱ्यात दोऱ्याचा गुंता झाला. तिसऱ्याला कापडाच्या दशा निघाल्या. एक ना धड, भाराभर चिंध्या.  तिने कोट हळूच ओढून घेतला आणि टाके उसवायला लागली.

"राहू दे हो," ती शेवटी म्हणाली. "तुमचं उसवण्यातच माझा वेळ जातोय."

अकरा वाजून गेले होते. बॅग खुर्चीवर तशीच होती. मास्तर उठले, फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. जे करायचं होतं ते त्यांना दिसत होतं, पण जीभ उचलत नव्हती. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला 'होणार नाही' म्हटलं नव्हतं. तापात शिवलं होतं. आणि आता धडधाकट असताना, ताईंच्या गुडघ्यांपायी, नाव घालवायचं?

त्यांनी नंबर लावला.

"मॅनेजर साहेब, मी मास्तर बोलतोय. कोटांचं... ते सोमवारचं..."

"हां मास्तर, बोला."

"सोमवारी नाही जमायचं." वाक्य तोंडातून गेलं आणि त्यांनी डोळे मिटले.

"का हो? काय झालं?"

आजारपण सांगता आलं असतं. मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. ती ऐकत होती. "काजं करणाऱ्या बाई सुट्टीवर चालल्यात," मास्तर म्हणाले.

"मग दुसरी बाई बघा की."

"दुसरी नाही."

पलीकडे कुणीतरी कुणाला तरी शिडी नीट धरायला सांगत होतं. "बरं, मग कधी देता? गुरुवारी?"

"गुरुवारी?"

"चालेल हो. आमचं फर्निचरच अजून यायचंय. कोट घालून वेटर उभे कुठे करू? या सावकाश." आणि फोन बंद झाला.

मास्तर फोनकडे बघत राहिले. ओरडा खायची त्यांनी तयारी केली होती. ऑर्डर परत जाईल, गावभर होईल, घड्याळवाला हसेल, सगळ्याची तयारी केली होती. या 'चालेल'ची मात्र त्यांची काहीच तयारी नव्हती.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"चालेल म्हणाले. गुरुवारी द्या म्हणाले."

"चिडले?"

"नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

तिची सुई कापडात अर्धी शिरून थांबली होती.  मग ती म्हणाली, "आई गेली तेव्हा विचारलं होतंत का हो कुणाला?"

आवाजात काही नव्हतं, भाजीत मीठ घातलं का विचारावं तसा साधा होता. मास्तरांना सगळं आठवलं. आई आता फार दिवस काढत नाही, असा निरोप आला होता. दुकानात बँडवाल्यांचे लाल कोट होते. 'तारीख दिलीय गं,' एवढंच आपण म्हणालो होतो, आणि ती खाली मान घालून काजं करत राहिली होती. शेवटचं बटण लावून ती निघाली, तोवर तिकडचं सगळं आटोपलं होतं. आणि ते लाल कोट? ते पुढे कितीतरी दिवस दुकानात टांगलेले होते. बँडवाले सवडीने आले. हे मास्तरांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

"नाही विचारलं," ते म्हणाले.

"हं," ती म्हणाली. सुई बाहेर काढून तिने डबीत टाकली, कोटाची घडी घातली आणि उठताना नेहमीप्रमाणे कमरेवर हात ठेवला. "दहा मिनिटं द्या. कपडे बदलते."

बस मिळाली. तिला खिडकी मिळाली. गाव संपेपर्यंत ती बाहेर बघत होती. मास्तरांनी दोनतीनदा काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं. पुलावर बस हळू झाली तेव्हा त्यांनी धीर केला, "अगं, ते बँडवाल्यांचे कोट..." आणि तिच्याकडे वळले. ती झोपली होती.

तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, जसे पडले तसे. मास्तर बघत राहिले. झोपलेली अशी त्यांनी तिला पाहिलीच नव्हती. रात्री ते आधी झोपत आणि सकाळी ती आधी उठे. तिच्या भुवईत एक पांढरा केस होता. झोपेत ती ताईंसारखी दिसत होती, की तिच्या आईसारखी, ते त्यांना ठरवता येईना. एका वळणावर तिचं डोकं घसरलं आणि त्यांच्या खांद्यावर आलं.

"तिकीट, काका. कुठलं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'ताईकडे' एवढंच त्यात होतं. इतकी वर्षं ती एकटीच जायची, उभ्याउभ्या जाऊन यायची, आणि घरात त्या गावाला 'ताईकडे' याशिवाय दुसरं नाव नव्हतं. कुठे उतरायचं, कुठला थांबा, उजवीकडे की डावीकडे, सगळं तिलाच ठाऊक. आणि ती तर झोपली होती.

"काका, लवकर सांगा. पुढे गर्दी आहे."

"शेवटच्या थांब्याची दोन द्या."

"शेवटच्या? तिथे नुसता डेपो आहे. तिथे कुणाकडे जायचंय?"

"द्या तर खरं," मास्तर हळू आवाजात म्हणाले, आणि खांदा हलू नये म्हणून त्यांनी पैसे डाव्या हाताने पुढे केले.