मिलिग्रॅमरावांची सुव्लाकी

वजनमापे कार्यालयातल्या त्या निरीक्षकांना सगळे मिलिग्रॅमराव म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण ते नाव त्यांच्या कानावर केव्हाच आलं होतं, आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. बाजारात त्यांची चाहूल लागली की दुकानदार तराजू पुसायला लागत आणि पारड्याखाली चिकटवलेले मेणाचे गोळे नखाने खरवडून काढत. पाकिटावर दोनशे ग्रॅम लिहिलेलं आणि आत एकशे अठ्ठ्याण्णव भरलं, की मिलिग्रॅमराव चष्मा कपाळावर चढवून पंचनाम्याचा कागद काढीत. "लिहिलंय ते आत असलं पाहिजे. बाकी मला काही कळत नाही," एवढंच ते म्हणत.

असा हा माणूस एका मंगळवारी भर मीटिंगमध्ये धडधडीत खोटं बोलला.

त्याचं असं झालं. कार्यालयाचे मोठे साहेब दोन महिन्यांपूर्वी दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर ग्रीसला जाऊन आले होते. तिकडच्या बंदरांवर मासे कसे तोलतात, याचा तो अभ्यास. अहवाल अजून कुणाच्या हाती पडला नव्हता, पण ग्रीस मात्र रोज कानावर पडत होतं. पंखा बंद पडला की साहेब म्हणत, "तिकडे समुद्रावरून वारा येतो हो, पंखा लागतो कुणाला?" कुणी रजेचा अर्ज घेऊन गेलं की तो बाजूला सारून सांगत, "तिकडे दुपारी सगळं बंद. लोक झोपतात. म्हणून तर प्रगती." आणि सगळ्यांवर कडी म्हणजे सुव्लाकी. कोंबडीचे तुकडे काडीला ओवायचे, निखाऱ्यावर भाजायचे आणि दह्याच्या सॉसबरोबर खायचे, एवढीच गोष्ट. पण साहेब सांगायला बसले की वीस मिनिटं हलत नसत. ओरेगानो कसला, तर समुद्राकडे तोंड केलेल्या उतारावरचा. सॉसमध्ये काय, तर डिल नावाची एक अद्भुत वनस्पती.

त्या मंगळवारी साहेबांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "जाऊ द्या. इथे कुणाला जमणार आहे ते!"

वरिष्ठ निरीक्षकाची जागा तेव्हा रिकामी होती. मिलिग्रॅमराव साहेबांच्या बरोबर समोर बसले होते. काय झालं कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे करतो की आम्ही, साहेब. बऱ्याचदा."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "असं? मग रविवारी दुपारी येतो आम्ही दोघं."

घरी हे ऐकून बायकोने हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. ती इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची, त्यामुळे माणसाच्या आत काय मोडलंय ते तिला चटकन दिसे. "अहो, कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे तुमचा स्वयंपाकाशी संबंध काय?"

"त्यात काय आहे? मोजमापाचाच तर प्रश्न आहे सगळा."

"आणि सॉस कसला म्हणालात?"

"त्झात्झिकी."

मिलिग्रॅमरावांची आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, "तात्यांची? कुठल्या तात्यांची?"

पुढचे तीन दिवस मिलिग्रॅमरावांनी अकरा व्हिडिओ पाहिले आणि तक्ता केला. कुणी लसणाच्या दोन पाकळ्या सांगत होतं, कुणी नऊ. त्यांनी सरासरी काढली. ती चार पूर्णांक सात दशांश आली, तेव्हा पाचव्या पाकळीचा तुकडा त्यांनी सुरीने मापून बाजूला काढला. छातीचं मांस आणून त्याचे प्रत्येकी तीस ग्रॅमचे तुकडे पाडले. त्यासाठी कपाटातून स्वतःचा वजनकाटा आणला, आधी त्याचीच तपासणी केली आणि मग बाकीच्यांना स्वयंपाकघरात यायला मनाई केली. बायकोने मांडीचंही मांस आणलं होतं. ते त्यांनी परत केलं.

"मांडीचं का नको? रसाळ असतं ते."

"चौकोनी होत नाही."

बायकोने ते डब्यात भरून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला सरकवलं.

डिल काही मिळेना. तीन बाजार पालथे घातले. शेवटी त्यांनी फोनवरचं चित्र बायकोला दाखवलं, तर ती हसायलाच लागली. "अहो, शेपू आहे तो! कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे ढीग पडलाय."

शेपू? मिलिग्रॅमरावांना तो साहेबांचा अपमान वाटला. पण चित्र आणि जुडी शेजारी ठेवून पाहिल्यावर बोलायला जागा उरली नाही.

ओरेगानोची गोष्ट याहून वाईट. समुद्राकडे तोंड केलेला उतार कुठून आणायचा? त्यांच्या घरी ओट्याच्या खणात पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगानोच्या पुड्या साठल्या होत्या. मिलिग्रॅमरावांनी त्या एकेक फाडल्या, काचेच्या छोट्या बाटलीत रित्या केल्या आणि बाटलीला पांढरी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर ग्रीक अक्षरं काढली. शाळेतल्या गणितामुळे त्यांना सातआठ येत होती, तीच घातली. थीटाचं तिथे काही काम नव्हतं, पण तो दिसायला भारदस्त दिसला. चिठ्ठी वाळेपर्यंत त्यांनी बाटलीकडे पाठ करून ठेवली होती.

आणि मग त्यांचा तोल सुटला. कोंबडी लिंबाच्या रसात किती मुरवायची? सरासरी तीन तासांची येत होती. पण मिलिग्रॅमरावांनी विचार केला, तीन तासांत चांगली लागते तर वीस तासांत किती लागेल! शनिवारी संध्याकाळी पाचलाच सगळे तुकडे लिंबू, लसूण आणि ऑलिव्ह तेलात बुडाले.

रविवारी साडेबाराला साहेब आले, बरोबर मॅडम. मॅडम शांत बाई होत्या. आल्या आल्या त्यांनी आईशेजारची खुर्ची धरली. साहेब थेट बाल्कनीत गेले. तिथे शेगडी पेटली होती, म्हणजे पेटवायचं काम सकाळपासून चालू होतं. शेवटी बायकोचं केस वाळवायचं यंत्र लावून निखारे फुलवले होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा जोरात खिडकी आपटून आपलं मत कळवलं होतं.

"काड्या भिजवल्यात?"

"तीस मिनिटं, साहेब."

"शाब्बास. तिकडे असंच करतात." साहेबांची नजर बाटलीवर गेली. त्यांनी ती उचलली, बूच काढलं, डोळे मिटले. "हाच! हाच तो वास. समुद्राकडचा उतार. कुठून मिळवलात?"

मिलिग्रॅमरावांच्या कपाळावर चष्मा होता, तो त्यांनी उगाचच खाली घेतला. "एका... ओळखीतून."

बायकोने खोकला काढला आणि आत गेली.

पहिल्या सहा काड्या निखाऱ्यावर चढल्या. दोन मिनिटं सगळं ठीक होतं. मग एका काडीवरचा तुकडा सरकला. वीस तास लिंबात बसून मांस पिठासारखं भुसभुशीत झालं होतं. मिलिग्रॅमरावांनी काडी उलटवायला हात घातला, तर तुकडा निखाऱ्यात पडला. मग दुसरा. मग ओळीने सगळेच, तीस तीस ग्रॅमचे. धूर उठला आणि वर पुन्हा खिडकी आपटली.

मिलिग्रॅमराव हातात रिकाम्या काड्या घेऊन उभे राहिले. आता साहेब काय म्हणतील?

साहेब मान डोलावत म्हणाले, "तिकडेही पहिली फेरी निखाऱ्यालाच देतात. प्रथा आहे."

तेवढ्यात बायको वाडगा घेऊन आली. वाडग्यात मांडीचे तुकडे होते, वेडेवाकडे, लहानमोठे, तेल-लिंबू-लसूण चोळलेले. "तास झाला लावून," ती हळूच नवऱ्याला म्हणाली. "मोजू नका. ओवा."

मिलिग्रॅमरावांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न मोजता केलं. तुकड्यांची चरबी निखाऱ्यावर टपकायला लागली, कडा काळपट-तांबूस झाल्या, आणि असा वास सुटला की वरच्या बाई खिडकी आपटायला आल्या त्या उघडी ठेवूनच परत गेल्या.

टेबलाशी सगळे बसले. सॉस छान जमला होता: दही रात्रभर फडक्यात टांगून घट्ट केलेलं, किसलेली काकडी पिळून कोरडी केलेली, वर हिरवा बारीक चिरलेला तो. साहेबांनी एक तुकडा काडीवरून ओढला, सॉसमध्ये बुडवला आणि तोंडात टाकला. बायकोच्या ओठांवर सवयीने 'श्वास रोखा' आलं होतं, ते तिने गिळलं.

"अहाहा," साहेब म्हणाले. "डिल!"

मॅडमनी चमचाभर सॉस चाखला आणि थांबल्या. "अगं, यात शेपू आहे का?"

"हो ना," बायको म्हणाली.

"आणि हे खाताहेत?" मॅडम नवऱ्याकडे वळल्या. "घरात शेपूची जुडी आली तर तुम्ही जिन्यात जाऊन उभे राहता!"

"हा शेपू नाही. डिल आहे."

"डिल म्हणजे शेपूच, सर," बायको नम्रपणे म्हणाली.

आईला यातलं राजकारण काही ठाऊक नव्हतं. ती साहेबांना म्हणाली, "पण तुम्ही तिकडे रोज खात होतात ना हे तात्यांचं?"

मॅडमनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. जड पिशवी खूप वेळ धरून दमलेला माणूस ती जसा जमिनीवर ठेवतो, तशा त्या बोलल्या. "कसलं खाताहेत? पहिल्याच दिवशी पोट बिघडलं यांचं. नऊ दिवस हॉटेलच्या खोलीत पडून होते. मऊ भात आणि टोस्ट. मी इथून रोज फोन करून विचारायचे, पाणी उकळून पिताय ना?"

साहेबांचे कान लाल झाले होते. त्यांनी रिकामी काडी ताटाच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"विमानतळावर एक सँडविच खाल्लं," ते म्हणाले. "त्याने झालं."

"मग खिडकीतून तरी दिसत असेल काही?" आईने मायेने विचारलं.

"पार्किंग."

"आणि समुद्र?"

"दिसला ना. परत येताना. विमानातून." साहेबांनी ताटाकडची काडी पुन्हा सरळ केली. "डाव्या बाजूला. माझी सीट उजवीकडे होती."

मिलिग्रॅमरावांना अचानक त्या माणसाची फार दया आली. दोन महिने ज्याच्यासमोर आपण मान डोलावली, तो पार्किंग बघून परत आला होता. त्यांना राहवलं नाही. "साहेब, तो ओरेगानो पिझ्झाच्या पुड्यांतला आहे. चिठ्ठी मी लिहिली."

साहेबांनी वर पाहिलं. क्षणभर वाटलं, आता उठून जाणार. पण त्यांनी दुसरी काडी उचलली. मग तिसरी. एकंदर सात खाल्ल्या. शेपूसकट. जाताना दारात ते एवढंच म्हणाले, "मांडीचं मांस होतं ना? चांगलं झालं होतं." तेवढं वाक्य खरं होतं.

मिलिग्रॅमरावांना वाटलं, चला, आता साहेब ग्रीसचं नाव काढणार नाहीत. पण सोमवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "काल यांच्याकडे सुव्लाकी खाल्ली. सांगतो तुम्हाला, तिकडेही अशी मिळाली नाही मला!" यात शब्दशः पाहिलं तर खोटं काही नव्हतं. शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळे मिलिग्रॅमरावांकडे आदराने बघायला लागले. साहेब मात्र त्यांच्याकडे बघत नव्हते. जिन्यात समोरासमोर आले तर साहेबांना एकदम काहीतरी आठवे आणि ते माघारी वळत.

पंधरा दिवसांनी आदेश आला. मिलिग्रॅमरावांना बढती मिळाली होती. वरिष्ठ निरीक्षक. नेमणूक मात्र साडेचार तासांच्या अंतरावरच्या शाखेत, जिथे कार्यालय म्हणजे एक खोली, दोन कारकून आणि गंजलेल्या वजनांचं एक कपाट.

बायकोने आदेश दोनदा वाचला. "बघा, मॅडमना मी नंतर फोन केला होता. त्यांनाही माहेरी पाठवलंय म्हणे महिनाभर. हवापालटाला."

"माझ्या कामाची कदर झाली, असं का नाही समजत तू?"

"समजते ना," ती म्हणाली आणि त्यांचे सदरे बॅगेत भरायला लागली.

निरोपसमारंभात साहेब भरभरून बोलले. अचूकपणा, निष्ठा आणि सचोटी हे तीन शब्द त्यांनी इतक्या वेळा वापरले की मिलिग्रॅमरावांनाच अवघडल्यासारखं झालं.

नव्या शाखेत पहिल्या सकाळी ते कपाटातली वजनं काढून फडक्याने पुसत बसले. मोठा कारकून चहा घेऊन आला आणि टेबलाशी घुटमळला. मुख्य कार्यालयातून सुव्लाकीबद्दल आधीच फोन येऊन गेला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"साहेब, एक विचारू का? ग्रीस कसं आहे हो?"

मिलिग्रॅमरावांनी हातातलं पाच किलोचं वजन टेबलावर ठेवलं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं.

"मी कधी गेलो नाही," ते म्हणाले.

कारकुनाचा चेहरा पडला. मिलिग्रॅमरावांना ते काही बघवेना. त्यांनी चहाचा घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि सावकाश म्हणाले,

"पण जायचंच असेल ना, तर विमानात डावीकडची सीट घ्या."