गंजीचा ताप

"अब्बू, खांद्यापर्यंत हात आत घालून तुम्ही नेमकं काय शोधता?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी रुखसार आणि रूपाली यांनी लावलेली पैज होती. शाळेतून येताना गोदामाचं दार उघडं असलं की तो देखावा दिसायचाच: माझ्या उंचीची तंबाखूची गंजी, तिच्यावर ओली गोणपाटं, आणि अब्बूंचा हात आत गडप. गुरांचा डॉक्टर म्हशीला तपासतो ना, डिट्टो तसं, असं रूपालीचं म्हणणं. विचारायची हिंमत कुणात आहे म्हटल्यावर दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आता कुणाला घाबरत नाही. गॅदरिंगला अख्ख्या शाळेसमोर माइकवर बोलल्यापासून तर मुळीच नाही.

अब्बू हसले. "बुखार देखता हूं," म्हणाले.

मग मैत्रिणी आहेत म्हणून जरा रंगवून सांगायला लागले. हा काळा तंबाखू. बी लांबचं, गोदावरीच्या बेटांवरचं, पण माती जवळच्या भडगावची. तिथल्या गिरणा नदीच्या गाळात दोनचार शेतकरीच तो लावतात आणि तो विडीला नाही, सिगारला जातो. वाळलेल्या पानांच्या जुड्या दाबून रचल्या की गंजी आतून आपोआप तापते. त्या तापानेच पान काळं पडतं, मऊ होतं, त्याचा उग्रपणा जातो. ताप कमी पडला तर पान कच्चं, वाढला तर जळालं. म्हणून वेळेवर गंजी फोडून पुन्हा रचायची, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. ती वेळ कधी आली ते अब्बूंचा हात सांगतो. रूपचंद सेठने त्यांना गोदामात ठेवलंय ते याच कामासाठी. माल शेतकऱ्याचाच राहतो, पान तयार झालं की ते बघून सेठ भाव देतो. आज कोमट आहे, परवा फोडू, असं म्हणून त्यांनी गोणपाट सारखं केलं.

मीही हात घातला, दोघींना दाखवायला. कोपरापर्यंत गेला आणि मी किंचाळून बाहेर ओढला. चहाच्या पातेल्याला चिकटावा तसा भाजला. त्या दोघी फिदीफिदी हसल्या. मला वाटलं, अब्बू माझी फिरकी घेताहेत. पण ते हसत नव्हते. त्यांनी पुन्हा हात घातला, आतच ठेवला, डोळे मिटले.

"कोमट तो है," ते स्वतःशीच म्हणाले.

हात बाहेर आला. सकाळपासून कितीदा तो आत गेला होता कोण जाणे. मनगटाच्या वर कातडी लालभडक झाली होती आणि एक फोड फुटून पाणी ओघळत होतं. मी बोट दाखवलं, तेव्हा अब्बू दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसे त्याच्याकडे बघत राहिले.

मैत्रिणींना मी घरी पिटाळलं. आम्ही दोघांनी गंजी फोडली. वरचे थर ठीक होते. मधल्या थरातली जुडी उचलली तर पान पापडासारखं मोडलं. त्याच्या खालचीही तशीच. अब्बू एकेक जुडी उचलून बघत होते, पुन्हा जागेवर ठेवत होते, जणू पुढची तरी बरी निघेल.

तेवढ्यात दारात टेम्पो लागला. भडगावचे सुकदेव नाना. ज्यांचा माल आम्ही फोडून बसलो होतो तेच, राहिलेला माल घेऊन आलेले. अब्बूंनी घाईघाईने गंजीवर गोणपाट ओढलं आणि हाताला रुमाल गुंडाळला. नव्या जुड्या भिंतीशी उतरल्या. त्यांची गंजी दुसऱ्या दिवशी लागणार होती. पहिला माल कसा बसलाय, असं नानांनी विचारलंसुद्धा नाही. तंबाखू मळत, सगळं अब्बूंवर सोपवून, एवढंच म्हणाले, "बठ्ठा माल तुमना हातमा शे, अस्लमभाऊ. माले काय समजस?"

अब्बू "हो नाना" म्हणाले. मी शेजारीच उभी होते. एवढी बोलणारी मी, पण गंजीवरच्या गोणपाटाचं टोक सारखं करत राहिले.

घरी अम्मीने फोडांवर गार पाण्याची पट्टी ठेवली. तिला धक्का बसला नाही याचाच मला धक्का बसला. तिला माहीत होतं. शुगर वाढल्यापासून अब्बूंच्या पायातली चप्पल रस्त्यात निसटते, त्यांना कळतही नाही आणि ते तसेच घरापर्यंत येतात. हातांचंही तेच होईल म्हणून ती कधीची दवाखान्यासाठी त्यांच्या मागे लागली होती. अब्बू आज-उद्या करत होते.

मी म्हटलं, यात काय एवढं, ताप मोजायचा काटा आणा, लांब दांडीचा मिळतो, गंजीत खोचून ठेवायचा. आमच्या सायन्सच्या सरांकडेही आहे.

"काटा लगाया तो सेठ मेरेकू कायकू रखेगा?" अब्बू म्हणाले. "काटा तो कोई भी पढ लेगा."

अम्मीने पट्टी पिळून पुन्हा ठेवली.

मग अब्बू माझ्याकडे न बघता बोलले. "सुबह स्कूल के पहले तू आ जाया कर. हात डाल के मेरेकू बता दे, बस. किसीको पता नहीं चलेगा."

मी पटकन हो म्हणणार होते. खरं सांगते, मला जरा भारीच वाटलं होतं. अब्बूंना माझी गरज होती. मग लक्षात आलं की मला फक्त भाजलेलं कळतं. कोमटाच्या पुढे आणि जळण्याच्या अलीकडे ती जी वेळ असते, ती मला कुठे कळते? अब्बूंना ती कळायला अर्धा जन्म लागला. तोपर्यंत गोदामात जळणार त्या गंज्या नानांच्या, आणि नाना दर खेपेला तेच म्हणून विश्वासाने निघून जाणार.

अब्बू माझ्या होकाराची वाट बघत होते. त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा झाला होता. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी आधी अम्मीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती.

घरात आम्ही हिंदीच बोलतो. पण तेव्हा माझ्या तोंडून सरळ मराठीच निघालं, हळू, एकेक शब्द सुटा.

"अब्बू, अम्मी, उद्या मी शाळेत जाणार नाही. अब्बूंबरोबर भडगावला जाणार. त्या नव्या जुड्या रचायच्या आधी नानांना सगळं खरं सांगायचं. अब्बू, तुम्ही सांगा. तुम्हाला नाही जमलं तर मी सांगेन."