थोरलीचे ठोके

कटोरा पोटावर उपडा ठेवला की हॉलमधली कुजबुज आपोआप थांबायची. तो हॉल म्हणजे बंद पडलेला छापखाना. भिंतींना अजून शाईचा वास होता. चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चाळीसेक गरोदर बायका, त्यांच्या मागे आया आणि सासवा, आणि भिंतीला टेकून उभे असलेले नवरे. समोरच्या खाटेवर एक बाई निजलेली. तिच्या पोटावरच्या त्या काळ्या लाकडी कटोऱ्यातून आधी नुसती खरखर यायची आणि मग घोडं दौडावं तसा आवाज, टपटप टपटप. न जन्मलेलं मूल साऱ्या हॉलशी बोलू लागे आणि बायका डोळ्यांना पदर लावत.

कटोरा धरणाऱ्या गृहस्थांना लोक 'ऐकणारे' म्हणत. पांढरा सदरा, मऊ आवाज, नखं कशी स्वच्छ कापलेली. ते म्हणत, "मी कोण? मी नुसता कान आहे." हा कान बाळाला प्रश्न विचारी आणि उत्तर मात्र स्वतःच्याच तोंडाने देई, पण ते कुणाला खटकत नसे. ऐकावं जनाचं, करावं मनाचं अशी म्हण आहे. इथे जन नुसतं ऐकत, आणि मनाचं करायला एकटे ऐकणारे होते.

त्या दिवशी रांगेत शिवणवाली होती. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तीच शिवायची, म्हणून सगळे तिला याच नावाने ओळखत. तिला सातवा सरत आला होता आणि घरात दोन पक्ष पडले होते. सासूबाई म्हणत, "माझी तिन्ही घरात झाली, सुईणीच्या हातची. तिन्ही धडधाकट आहेत." नवरा घरांना रंग द्यायचं काम करायचा. तो म्हणे, "आई, तुझं नशीब थोर होतं. आम्हाला डॉक्टरच हवी." रोज जेवताना हाच विषय, आणि जिचं पोट होतं तिला कुणी विचारत नव्हतं.

विचारलं असतं तरी तिने काय सांगितलं असतं? तीन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात ती दवाखान्यातल्या टेबलावर निजली होती. पोटावर काहीतरी गार लावलं, यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. नर्स काही न बोलता बाहेर गेली. मग डॉक्टर आल्या, त्यांनीही यंत्र फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ठोके लागत नाहीत." मुलगी होती. तेव्हापासून त्या खोलीतली शांतता शिवणवालीच्या कानांत बसली होती. दवाखान्याच्या रस्त्याने जायचं झालं तर ती लांबच्या वळणाने जाई.

दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, तसंच झालं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "सुईण की डॉक्टर, हे बाळालाच विचारा की. ऐकणारे विचारून देतात."

दाराशी नंबराची चिठ्ठी देणारी बाई फार मायाळू होती. "हे कितवं गं?"

"दुसरं."

"आणि पहिलं कुणाकडे ठेवून आलीस?"

शिवणवाली जमिनीकडे बघत राहिली. बाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक बारीक फुली होती, ती शिवणवालीला दिसली पण तिने काही विचारलं नाही.

खाटेवर निजल्यावर ऐकणाऱ्यांनी आपला 'शांतिलेप' पोटावर चोपडला आणि ती दचकली. तोच गारवा होता. दवाखान्यातला, तीन वर्षांपूर्वीचा, अगदी तोच. तिला वाटलं, थोरली इथेच कुठेतरी आहे. मग ऐकणाऱ्यांनी कटोरा हातात घेतला. त्याला वरून मखमलीची खोळ होती. शिवणारीची नजर, ती खोळीवर गेलीच. एका बाजूची शिवण पुन्हा पुन्हा उसवून शिवलेली होती, कापडाला जुन्या टाक्यांची भोकं पडली होती. इतक्या वेळा कुणी कशाला उसवेल, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तेवढ्यात टपटप सुरू झालं आणि ती शिवण विसरली.

"हे येणारं," ऐकणारे म्हणाले. त्यांनी कटोरा जरा बाजूला सरकवला, तिरका केला. टपटप विरलं आणि खालून दुसरा आवाज आला. सावकाश, जड. धप्. धप्. धप्.

"जुळं आहे का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. हे जाऊन परत आलेलं आहे. तुमचं थोरलं."

"मुलगी होती," ती पुटपुटली.

"थोरलीच ती," ऐकणारे लगेच म्हणाले. "तिला दवाखान्यात टाकून आलात ना? ती विसरलेली नाही. पुन्हा डॉक्टरचा हात लागला तर धाकट्याला घेऊन जाईल."

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं, पण आशा सुटली नव्हती. "मग सुईण?"

"सुईण दार उघडते, बाई. उघडं दार तिला बरंच आहे. डॉक्टर नको आणि सुईणही नको. दर आठवड्याला इथे आणा, मी तिची समजूत घालतो. कळा सुरू झाल्या की थेट इकडेच या."

अशी घरातली दोन्ही मतं एका फटक्यात निकालात निघाली आणि कुणालाच हरल्यासारखं वाटलं नाही. भोंदूगिरीची हीच खुबी असते.

शिवणवाली दर आठवड्याला जाऊ लागली. ती भीतीने जाते असं घरच्यांना वाटे, पण ते अर्धंच खरं होतं. तिला ते जड ठोके ऐकायचे असत. ज्या पोरीचा आवाज एकदाही कानी पडला नाही, ती आता आठवड्यातून पाच मिनिटं बोलत होती. घरी येऊन ती कपाटाच्या खणातलं, थोरलीसाठी शिवलेलं पिवळं झबलं काढी, मांडीवर पसरून ठेवी आणि मशीन बंद करून नुसती बसे.

पाय सुजले, चपला होईनात. ऐकणारे म्हणाले, "थोरली पाय धरून बसली आहे." डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, सुईत दोरा जाईना. ऐकणारे हसून म्हणाले, "खेळते आहे. खेळू दे तिला." त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला उत्तर तयार असे, फक्त ते दुखणं कशाचं आहे हे ते कधी बघत नसत.

एका दुपारी सुईणबाई आल्या, त्या बाळंतपणासाठी नव्हे, तर त्यांच्या पिशवीचा पट्टा तुटला होता म्हणून. शिक्षण घेतलेली, परीक्षा दिलेली बाई, वीस वर्षं हेच काम. पट्टा दाखवता दाखवता त्यांची नजर मशीनखाली गेली. त्या खाली बसल्या आणि शिवणवालीच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"डोकं दुखतं?"

"दुखतं."

"कधीपासून?"

"थोरली आल्यापासून."

सुईणबाईंनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढून दंडाला पट्टी बांधली. मोजलं, पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. "एकशे सत्तर आणि खाली एकशे दहा. काकू, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच करा ना. तुमच्या हाताला यश आहे."

"सगळं सुरळीत असतं तर मीच केलं असतं, इथेच, या घरात. हे सुरळीत नाही. हिला झटके येऊ शकतात, दोन्ही जीव जातील. हे माझ्या हाताबाहेरचं आहे, आणि ते सांगणं हेही माझंच काम आहे."

"मी येणार नाही," शिवणवाली म्हणाली. "थोरली त्याला घेऊन जाईल." आणि तिने सगळं सांगितलं. फुली, गारवा, जड ठोके.

सुईणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून मुठीएवढं एक यंत्र काढलं. "झोप इथे. जरा गार लागेल."

त्या स्पर्शाने तिच्या अंगावर काटा आला. "हाच. हाच तिचा गारवा."

"पोरी, हे जेल आहे. यंत्राला आवाज नीट पकडता यावा म्हणून लावतात. दवाखान्यात हेच, माझ्याकडे हेच, आणि तुमच्या ऐकणाऱ्यांच्या डबीतही हेच. ते गारच असतं."

टपटप टपटप. मग सुईणबाईंनी यंत्र बाजूला सरकवलं. धप्. धप्. सासूबाईंनी तोंड फिरवलं. सुईणबाईंनी शिवणवालीचा उजवा हात धरला आणि त्याची बोटं तिच्याच डाव्या मनगटावर ठेवली. "नाडी लागली? आता ऐक आणि बोटांकडे लक्ष दे."

धप्, आणि बोटाखाली एक ठोका. धप्, आणि बोटाखाली एक ठोका. एकही मागेपुढे नाही.

"हे तुझं रक्त आहे, तुझ्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीतलं. बाळाचे ठोके मिनिटाला एकशे चाळीस, तुझे ऐंशी-नव्वद. यंत्र थोडं तिरकं केलं की बाळ सुटतं आणि आई लागते." मग त्यांनी जेवायला घरी आलेल्या नवऱ्याला पुढे बोलावलं. रंगाचे डाग पडलेल्या त्याच्या कोपराच्या खळगीत यंत्र टेकवलं. धप्. धप्. "काय हो, तुम्हालाही दिवस गेलेत का?"

नवऱ्याला हसू आलं आणि लगेच ओसरलं, कारण शिवणवाली रडत होती.

"मग ती कुठे आहे?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," सुईणबाई म्हणाल्या. "जे माहीत नाही ते मी सांगत नाही. पण हा इथे आहे, एवढं माहीत आहे. उठ."

सुईणबाई गाडीत तिच्याशेजारी बसल्या आणि दवाखान्यातही हात धरून राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून मोजमापाचा कागद घेतला, दोनच प्रश्न विचारले आणि दोघी कामाला लागल्या. घरात ज्या दोघींवरून महिनाभर भांडण झालं होतं, त्यांच्यात भांडण नव्हतंच. संध्याकाळी ऑपरेशन झालं. मुलगा झाला, पावणेदोन किलोचा, आणि तो अठरा दिवस काचेच्या पेटीत राहिला.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिल्या वेळीही डोकं दुखायचं?"

"हो."

"दाब मोजला होता कुणी?"

कुणीच मोजला नव्हता. सगळे म्हणाले होते, या दिवसांत दुखायचंच. शिवणवालीने ते ऐकलं आणि बाळाला छातीशी जरा घट्ट धरलं. ज्या भुताने घर झपाटलं होतं, त्याचं खरं रूप एवढंच होतं.

दीड महिन्याने ती पुन्हा त्या हॉलमध्ये गेली. गळ्यात दोरा कापायची कात्री होती, मागे नवरा आणि सुईणबाई होत्या. बाळ घरी सासूबाईंकडे होतं. खाटेवर एक कोवळी मुलगी निजली होती आणि ऐकणारे सांगत होते, "हा दुसरा ठोका तुझ्या गेलेल्या आईचा."

"ताई," शिवणवाली तिला म्हणाली, "आपलं मनगट धरून बघ. सगळ्याजणींनी धरा. अंगठ्याच्या बाजूला, इथे."

"बाई, तुमची थोरली रागावली आहे," ऐकणारे मऊपणे म्हणाले.

"तर मग कटोरा तुमच्या कोपराच्या खळगीत ठेवा. तिथे कोण आहे ते ऐकू."

ऐकणाऱ्यांनी ते तेवढं ऐकलं नाही. पण चाळीसजणींनी मनगटं धरली होती. खाटेवरची मुलगी डोळे मिटून मोजत होती, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "माझाच आहे." तिने कटोरा उचलून शिवणवालीच्या हातात दिला. दोन टाके कातरताच ती जुनी शिवण उकलली आणि आतून मुठीएवढं यंत्र बाहेर आलं. त्यात दोन सेल होते. ते संपले की खोळ उसवायची आणि पुन्हा शिवायची. नंबर देणारी बाई, ज्यांचं कुणी गेलंय त्यांच्या नावच्या फुल्या मारलेल्या चिठ्ठ्या तिथेच टाकून मागच्या दाराने गेली होती.

आता माप द्यायला आलेल्या बायका विचारतात, सुईण बरी की डॉक्टर? शिवणवाली तोंडातल्या टाचण्या काढून ठेवते आणि सांगते, "जी मोजते ती. मोजलेलं तुम्हाला समजावते ती. आणि हाताबाहेरचं असेल तर तसं कबूल करते ती. मग ती कुणी का असेना. ज्याला सगळंच ऐकू येतं, त्याच्या दारात तेवढं जाऊ नका. आणि डोकं दुखलं तर थोरल्याधाकट्यांची नावं घेऊ नका, दाब मोजून घ्या."

मुलगा दुपारी झोपला की ती कधी कधी मशीन थांबवते आणि मनगटावर बोटं ठेवते. हे ठोके आपले आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत, हे तिला पक्कं माहीत आहे. आणि थोरलीने आठ महिने हेच ठोके ऐकले होते, हेही तिला माहीत आहे.